काटकसर कोणीं शिकावी?

आमच्या घराच्या मागल्या अंगणांत कढीलिंबाचें एक झाड होतें. आमच्या आत्याबाई हयात होत्या तोंवर त्याला तांदुळाच्या धुवणाखेरीज दुसरें खत माहीत नव्हतें, आणि तरीहि तें आळींतल्या चार घरांच्या फोडण्या सांभाळीत असे. पुढें घर आमच्या हातीं आलें. झाड आणखी जोमानें वाढावें अशा सद्धेतूनें आम्हीं एका संध्याकाळीं ओंजळभर युरिया त्याच्या बुडाशीं टाकला. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि महिन्याभरांत झाड वठलें. आत्याबाईंना कोणीं वनस्पतिशास्त्र शिकविलें नव्हतें. धुवण मोरींत ओतून देणें त्यांच्या जिवावर येई, एवढ्याच कारणानें झाडाला पचेल तेवढेंच मिळत असे.

हा घरगुती प्रसंग सांगण्याचें कारण असें कीं, पिकांच्या अन्नद्रव्यांविषयीं अलीकडे जें संशोधन चाललें आहे त्याचें वर्णन वाचतांना आम्हांस तो वारंवार आठवतो. पिकांनीं नत्राचा उपयोग अधिक काटकसरीनें करावा, म्हणजे थोड्या खतांत अधिक दाणा द्यावा, हा त्या संशोधनाचा हेतु. धान्यपिकांना जगभर जें नत्र घालण्यांत येतें त्यापैकीं सुमारें एक तृतीयांशच दाण्यांत उतरतें, असा हिशेब १९९९ सालीं अमेरिकेंतील दोघां कृषिशास्त्रज्ञांनीं मांडला. उरलेलें सारेंच वायां जातें असें नाहीं. कांहीं मातींत व काडांत राहतें. परंतु पुष्कळसें नायट्रेटच्या रूपानें विहिरींत आणि नद्यांत उतरतें, कांहीं अमोनिया होऊन उडून जातें, आणि एक लहानसा अंश नायट्रस ऑक्साइड बनून वातावरणांत चढतो. हा वायु, वजनास वजन धरल्यास, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७० पट ऊब धरून ठेवतो. ही उधळपट्टी थांबली पाहिजे याविषयीं दुमत नाहीं. प्रश्न आहे तो हा कीं, काटकसर शिकावी कोणीं? पिकानें कीं माणसानें?

वनस्पति स्वभावतःच उधळी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मोहरीच्या कुळांत अरॅबिडॉप्सिस नांवाचें एक क्षुद्र रानटी रोप आहे. त्याच्या मुळांतील पेशींच्या आवरणांत नायट्रेट आंत घेणारें एक प्रथिन असतें. त्याचें जनुक १९९३ सालीं हातीं लागलें. पुढें २००३ सालीं तैपेई येथील यी-फांग त्साय यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, हा द्वारपाल दोन रीतींनीं वागतो. मातींत नायट्रेट मुबलक असलें तर तो सैल हातानें व्यवहार करतो. टंचाई आली कीं त्या प्रथिनाच्या एका ठराविक जागीं फॉस्फेटचा एक गट जोडला जातो आणि त्याची पकड घट्ट होते. ज्या दिवसांत रेशनवर साखर मिळे त्या दिवसांत आमच्या घरांतील बायका जो गुण दाखवीत, तोच हा. फरक एवढाच कीं, सुकाळ येतांच तें प्रथिन आपली पकड निमूटपणें सैल करतें; आत्याबाईंना तें अखेरपर्यंत साधलें नाहीं.

मग ही उधळपट्टी आली कोठून? ती आम्हीं, म्हणजे मनुष्यांनीं, शिकविली. हवेच्या पांच हिश्शांपैकीं जवळजवळ चार हिस्से नत्र असूनहि पिकाला त्याचा उपयोग नाहीं, कारण त्याचे अणु जोडीजोडीनें एकमेकांना तिहेरी बंधानें बिलगलेले असतात. ती मिठी सोडविण्याची विद्या कडधान्यांच्या मुळांवरील गांठींत राहणाऱ्या जंतूंना अवगत आहे. माणसाला ती कारखान्याच्या मार्गानें साधली. फ्रिट्झ हाबर यानें १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला आणि कार्ल बॉश यानें १९१३ सालीं ओपाउ येथें त्याचा कारखाना चालू केला. आजच्या मनुष्यजातीपैकीं निम्म्याच्या आसपास लोकांचें अन्न या एका कृतीवर उभें आहे असा अजमास आहे. याच हाबरनें १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर विषारी वायु सोडविला हें सर्वश्रुत आहे, व त्यावर नीतिपर लिखाण पुष्कळ झालें आहे. आम्हांस त्या वायूपेक्षां खताचीच गोष्ट अधिक अवघड वाटते. वायूचा निषेध करण्यास फारसा विचार लागत नाहीं.

खत स्वस्त झालें तरी जुन्या जातींना तें सोसेना. भरपूर नत्र मिळालें कीं भात काय, गहू काय, उंच वाढे आणि दाणा भरतांच आपल्याच भारानें लोळे. जपानांत भाताच्या एका रोगाला 'बाकानाए', म्हणजे वेडें रोप, असें नांव आहे. त्या रोगांत रोप भलतेंच उंच व फिकट वाढतें. हा वेडेपणा एका बुरशीनें सोडलेल्या द्रव्याचा आहे असें कुरोसावा या शास्त्रज्ञानें १९२६ सालीं तैवानांत सिद्ध केलें. त्या द्रव्याला पुढें जिबरेलिन म्हणूं लागले, आणि निरोगी वनस्पतीहि आपल्या वाढीसाठीं तें बेताबेतानें तयार करतात असें कळून आलें. उंचीची किल्ली ती हीच. मात्र पैदासकारांनीं ती न ओळखतांच फिरविली. नोरिन १० या जपानी गव्हाचें ठेंगणेपण नॉर्मन बोरलॉग यांनीं मेक्सिकोंतील गव्हांत उतरविलें. तैवानच्या एका बुटक्या भाताचें ठेंगणेपण घेऊन फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९६६ सालीं आयआर ८ ही जात दिली. त्याच वर्षीं भारतानें मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचें बियाणें आणलें. पुढचें आमच्या पिढीनें ताटांत पाहिलें आहे.

या ठेंगण्या पिकांच्या अंतरंगांत काय घडलें होतें तें कळावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. गव्हाचें जनुक १९९९ सालीं ओळखलें गेलें आणि भाताचें २००२ सालीं. गहू जिबरेलिनची आज्ञा ऐकेनासा झाला होता. भाताचें पीक तें द्रव्यच पुरेसें बनवीत नव्हतें. परिणाम एकच झाला. वाढीला लगाम घालणारीं 'डेला' नांवाचीं प्रथिनें पेशींत सांचून राहिलीं. त्या लगामामुळें पीक बुटकें राहिलें व लोळेनासें झालें; पण त्याच लगामानें दुसरेंहि एक काम गुपचूप केलें. बीजिंग येथील श्यांगदोंग फू आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं 'नेचर' या पत्रांत दाखविलें कीं, जीआरएफ ४ नांवाचें एक प्रथिन मुळांना नत्र ओढावयास आणि पानांना कार्बन बांधावयास उत्तेजन देतें, व डेला त्याच्या आड येतात. म्हणजे ज्या गुणामुळें पीक खत खाऊन ताठ उभें राहूं लागलें, त्याच गुणामुळें त्याची भूक मंदावली. आणि मंद भुकेच्या पाहुण्याला आग्रहानें वाढावें तसे आम्ही त्याच्या पानांत वाढीत गेलों. जीआरएफ ४ चें बळ वाढविल्यावर पिकाची उंची वाढली नाहीं, परंतु नत्राचा उपयोग सुधारला आणि बेताच्या खतांतहि उत्पन्न चांगलें आलें.

आतां कोणी कठोर नीतिवादी म्हणेल कीं हा तर दारुड्याचें व्यसन सोडविण्याऐवजीं त्याला बळकट यकृत देण्याचा प्रकार झाला. दोष माणसाचा आणि प्रायश्चित्त गव्हानें घ्यावें! या आक्षेपाला अर्थशास्त्रांतूनहि आधार मिळतो. इंग्लंडांतील जेव्हन्स यानें १८६५ सालीं कोळशाविषयीं ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं, कमी कोळशांत चालणारें इंजिन निघालें म्हणजे कोळशाचा खप कमी न होतां वाढतो. आम्हीहि कांहीं काळ याच मताचे होतों. तथापि अधिक विचार करतां आम्हांस हें साम्य लंगडें वाटूं लागलें. इंजिनाच्या मालकाला आणखी शंभर इंजिनें हवीं असतात. गव्हाला मर्यादेबाहेरचें नत्र नकोच असतें. शेतकरी तें घालतो तो चैन म्हणून नव्हे, लोभानेंहि क्वचितच. मातींत काय उरलें आहे तें त्याला दिसत नाहीं. जास्तीच्या गोणीला थोडे रुपये पडतात, आणि पीक बसलें तर वर्ष बुडतें. ज्याला आपण उधळपट्टी म्हणतों ती पुष्कळ अंशीं भीति आहे. आणि खरें सांगावयाचें तर आत्याबाईंची काटकसर तरी दुसरें काय होतें? दुष्काळाच्या भीतीनें एक मूठ आंवळते, दुसरी सैल सुटते. एकीला आपण सद्गुण म्हणतों व दुसरीला दुर्गुण, तें केवळ परिणाम पाहून.

भीतीवर उपदेश चालत नाहीं. हुकूम तर त्याहून चालत नाहीं. श्रीलंकेच्या सरकारनें २०२१ सालीं रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. भाताचें उत्पन्न घसरलें, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बंदी मागें घ्यावी लागली. आमच्याकडे २०१८ सालीं निराळी युक्ति करण्यांत आली. युरियाची गोणी ५० किलोंची होती ती ४५ किलोंची केली. शेतकरी खत किलोंनीं नव्हे, गोण्यांनीं मोजतो, हा त्यामागील हिशेब. लहान मुलाला भाकरी मोठी दिसावी म्हणून ती लहान ताटलींत वाढण्यासारखीच ही युक्ति. आम्हांस तिचें हसूं आलें आणि थोडें वाईटहि वाटलें. ज्याच्याशीं बोलतां येतें त्याला फसवून शहाणें करावें काय?

बोलून काय होतें याचें उदाहरण त्याच २०१८ सालीं, त्याच 'नेचर'मध्यें आणि त्याच बीजिंग नगरांतून आलें. चीन कृषि विद्यापीठांतील मंडळींनीं २००५ ते २०१५ या काळांत सुमारें २ कोटी १० लक्ष लहान शेतकऱ्यांपर्यंत त्यांच्या त्यांच्या जमिनीला धरून सल्ला पोंचविला. हजाराहून अधिक शास्त्रज्ञ व गांवोगांवचे हजारों कर्मचारी त्यांत राबले. उत्पन्न सुमारें ११ टक्क्यांनीं वाढलें आणि नत्राचा वापर १५ ते १८ टक्क्यांनीं उतरला. एकाच वर्षीं एका नगरानें जगाला दोन्ही गोष्टी सांगितल्या: पिकाला शिकवितां येतें आणि माणसालाहि येतें. पहिल्या गोष्टीचा गाजावाजा अधिक झाला असें आम्हांस वाटतें. जनुकाला नांव असतें, अंक असतो. दहा वर्षें बांधाबांधावर बोलत हिंडण्याला काय नांव द्यावें?

तेव्हां पिकाला शिकविण्याचें काम दुय्यम ठरवून हा निबंध येथेंच संपविण्याचा मोह होतो. परंतु हा सारा विचार आम्ही केला तो ज्यांच्या शेतांत खत जास्त पडतें त्यांच्याविषयीं, आणि ज्यांच्या ताटांत स्वस्त भात पडतो त्या आमच्याविषयीं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत हेक्टरीं सरासरी २० किलोंच्या आसपासच रासायनिक अन्नद्रव्यें पडतात. तेथील राष्ट्रांनीं २००६ सालीं अबुजा येथें भरलेल्या परिषदेंत २०१५ पर्यंत हा आंकडा ५० किलोंवर नेण्याचें ठरविलें होतें. तो तेथवर पोंचला नाहीं. त्या शेतकऱ्याला काटकसर शिकविणें ही क्रूर थट्टा होईल. तो ती जन्मापासून करीत आहे. त्याच्या शेतांत मुठीभर खतापैकीं अधिक दाण्यांत उतरविणारें रोप म्हणजे मुलांच्या पोटांत पडणारें अन्न, आणि तेथें कोणाच्या व्यसनाचा प्रश्नच येत नाहीं.

नत्राची जी कथा तीच स्फुरदाचीहि. फरक एवढाच कीं तें हवेंतून मिळत नाहीं, खाणींतून काढावें लागतें. कसलाथ नांवाचा एक जुना भारतीय भात आहे, कमी स्फुरदाच्या जमिनींतहि टिकून राहणारा. त्याच्या या चिवटपणाचें मूळ असलेलें जनुक फिलिपीन्सच्या त्याच भात संस्थेंतील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. रोप कोंवळें असतांनाच त्याच्या मुळ्या जोमानें फांकाव्यात असें कार्य तें जनुक करतें. ज्या भाताचा जनुकसंच शास्त्रज्ञ सर्वत्र प्रमाण मानतात त्यांत तें आढळलें नाहीं, आणि स्फुरदाची उणीव न सोसणाऱ्या आधुनिक जातींतहि तें नव्हतें. ज्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या त्या भाताचें बीं राखलें, त्यांनीं तें खत परवडत नव्हतें म्हणून राखलें असावें. आतां तो गुण इतर जातींत उतरविण्याची खटपट चालू आहे. तें बियाणें आधीं कोणाच्या बांधावर पोंचतें, आणि काय दरानें, हें पाहण्यास आम्ही उत्सुक आहों.