उसना चेहरा

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर एक अभिप्राय वही असते. सुतळीनं बांधलेलं पेन आणि दोनशे पानी वही. लोक त्यात ‘पंखा दुरुस्त करावा’, ‘दिवाळी अंक फार उशिरा हाती येतात’ असलं लिहितात. मी एस.टी.तून रिटायर झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, त्या वहीत वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहितो. पाहिलेल्या सिनेमांबद्दलही लिहितो. बालविभागातल्या चित्रकथाही सोडत नाही, कारण त्या मी नातीच्या कार्डावर नेतो आणि आधी स्वतः वाचतो. ग्रंथपाल बाई एकदा म्हणाल्या, “काका, ही सूचना वही आहे.” मी म्हटलं, “मग हीच माझी सूचना समजा.”

गेल्या आषाढात तुकोबांची पालखी इंदापुराहून सराटीकडे गेली, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं, ‘गाथा उघडली की तुकोबांच्या जागी विष्णुपंत पागनीस दिसतात. साठ वर्षं झाली, सुटका नाही.’ आठवड्यानं पुस्तक बदलायला गेलो तर त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलेलं: ‘म्हणजे तुम्ही नमस्कार नटाला करता. संताला नाही आणि देवालाही नाही.’ सही नाही.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण घरी येईपर्यंत लक्षात आलं, की प्रश्न बरोबर जागी लागलाय. माझ्या डोक्यातला विठ्ठल कुणी घडवला, तुकोबा कुणी रंगवले, कृष्णाला निळा रंग कुणी दिला, याचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. आणि तो मांडल्यावर सगळी नावं जर चित्रकारांची, नटांची, छापखान्यांची निघाली, तर हात जोडणाऱ्या माणसानं काय समजायचं?

आधी माझ्या आईचं सांगतो. तिला सहीपुरतंच लिहिता येई. गाथेचं एक पानही तिनं वाचलेलं नव्हतं. १९६४च्या सुमाराला जत्रेत तंबू सिनेमा आला आणि त्यात प्रभातचा, पागनीस तुकोबा झालेले तो ‘संत तुकाराम’ लागला. सिनेमा १९३६चा, म्हणजे तेव्हाच अठ्ठावीस वर्षांचा म्हातारा. पण तंबूवाले तो सोडायचे नाहीत, कारण लोक त्याला सोडत नव्हते. मध्ये दोरी बांधलेली, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. मी नऊ वर्षांचा, म्हणून बायांत. शेवटी तुकोबांना न्यायला विमान आलं, तुकोबा बसले, विमान वर निघालं आणि फिल्म तुटली.

एरवी फिल्म तुटली की तंबूत शिट्ट्या आणि शिव्या. त्या रात्री एक आवाज आला नाही. काळोखात फक्त मागच्या यंत्राची घरघर. मग पुरुषांच्या अंगानं कुणीतरी ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू केलं आणि सगळा तंबू म्हणायला लागला. आई माझ्या कानाशी म्हणाली, “गेले रं.” पाच-सात मिनिटांनी फिल्म जोडली. यंत्रवाल्यानं बहुतेक थोडी मागून लावली असावी, कारण विमान पुन्हा जमिनीवरूनच निघालं. आईनं पुन्हा वाकून नमस्कार केला. दुसऱ्यांदा तितकाच खरा.

पेन्सिलवाल्या माणसानं मला सांगावं, तो नमस्कार कुणाला पोचला? पागनीसांना? पागनीस तर १९४३ सालीच वारले होते. पडद्याला? तो शिवलेला कापडी पडदा, त्याच्या एका कोपऱ्याला ठिगळ होतं, आईला ते दिसत होतं. दिग्दर्शकांना? ते दोघे होते, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. प्रभातमध्ये त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. देहूचं देऊळ आणि इंद्रायणीचा काठ ज्यांच्या देखरेखीत उभा राहिला ते कलादिग्दर्शक साहेबमामा मुसलमान होते, हे आमच्या तंबूत कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी नमस्कार थांबला नसता, असं मला वाटतं. सिनेमा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हेही मला पुढं वाचनालयातल्याच पुस्तकात कळलं. व्हेनिसवाल्यांना तुकोबा कोण, विठ्ठल कोण, काही माहीत नसणार. त्यांनी एक माणूस पाहिला असेल.

त्याच सिनेमात बीज आणि झाडाचं एक गाणं आहे. आई भाकरी थापताना ते म्हणायची. तुकोबांचाच अभंग म्हणून म्हणायची, आणि एकटी तीच नव्हे, भल्याभल्यांनी तो गाथेत शोधला म्हणतात. तो गाथेत नाही. ते गाणं शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेलं. मला हे कळलं तेव्हा मी तिशीत होतो आणि नवं काही कळलं की घरी जाऊन कुणालातरी चूक ठरवण्याचं ते वय. आईला म्हटलं, “आये, ते तुकोबांचं नाही. सिनेमावाल्यानं लिहिलंय.” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, “बरं मग. त्याला बी कुणीतरी सांगितलंच असंल की.” आणि पुढचं कडवं म्हणायला लागली. मला त्यावर आजही उत्तर सुचलेलं नाही.

पण आईची बाजू मांडून माझी सुटका होत नाही. आई वाचत नव्हती, मी वाचतो. पेन्सिलवाला मला विचारतोय.

पहिला बचाव असा, की मन मोकळं राहतच नाही. मी कंट्रोलर होतो. बत्तीस वर्षं वेगवेगळ्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या. एकदा एका लग्नात ओळख निघाली, तर ते गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. “तुम्ही होय ते? मला वाटलं चांगले सहा फुटी असाल.” मी पाच फूट तीन. त्यांना कुणी माझं चित्र दाखवलं नव्हतं, माझ्यावर सिनेमा निघाला नव्हता. केवळ सोलापूर गाडीच्या घोषणेवरून त्यांनी एक सहा फुटी माणूस तयार केला आणि वर्षानुवर्षं सांभाळला. म्हणून जे म्हणतात ‘आम्ही ग्रंथ वाचतो, आम्हाला चित्र लागत नाही’, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. त्यांनी चित्र काढलंय, फक्त ते कुणाला दाखवलेलं नाही.

गीतेच्या बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा प्रश्न हाच आहे: तुझ्या रूपाची भक्ती करणारा बरा की अव्यक्ताची? उत्तरात रूपाच्या भक्ताला वरचा मान दिलाय, पण अव्यक्ताची वाट नाकारलेली नाही. देह असलेल्याला ती वाट कष्टाची पडते, असं सांगितलंय. पाच फूट तीन इंचाच्या देहाला मी ते लगेच लागू करून घेतो.

आणि चेहरा काढणारे लोक तरी कोण होते? रविवर्म्याच्या छापखान्यातनं लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत गेल्या. तो छापखाना काही वर्षं आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला होता. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये, १९१७ साली, रामही साळुंके आणि सीताही साळुंके. साळुंके मूळचे हॉटेलातले आचारी. प्रेक्षक पडद्यावर राम आला की हात जोडत. राम आणि सीता एकच, हा अद्वैताचा पाठ इतका स्वस्तात पुन्हा मिळाला नसेल.

चित्रकथांचं मात्र वेगळं आहे, आणि तिथं माझी वाचनालयातल्या बहुतेक ज्येष्ठांशी भांडणं आहेत. त्यांना त्या पोरखेळ वाटतात. लहानपणी मी चांदोबातला वेताळ वाचायचो. खांद्यावर प्रेत घेऊन, तलवार उपसून चाललेला विक्रम राजा. शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेलं ते चित्र महिनोन् महिने तेच असायचं आणि गोष्ट मात्र नवी. आता नात अमर चित्रकथा वाचते. १९६७ साली अनंत पै यांनी ती मालिका सुरू केली आणि त्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. परवा कालियाची गोष्ट वाचताना नातीनं विचारलं, “आजोबा, उडी मारल्यावर लगेच फण्यावर कसा? मधे तो पोहला का बुडाला?” मी म्हटलं, चित्रात नाही. ती म्हणाली, “मग बुडाला असणार थोडा. घाबरला असणार.” दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत तिचा कृष्ण थोडा घाबरला. सिनेमात ती पट्टी नसते. सिनेमा सगळं भरून देतो, नाकातोंडात पाणी जायलाही जागा ठेवत नाही. म्हणून माझ्या मते चित्रकथा पुस्तकाची सख्खी बहीण आणि सिनेमाची चुलत. हे मी वहीत लिहिलंय, त्याखाली कुणी काही लिहिलं नाही.

आता कबुलीची गोष्ट. पेन्सिलीतला तो शेरा वाचल्यावर मी शासकीय गाथा घरी आणली. साडेचार हजारांवर अभंग. आजवर मी गाथा अधूनमधून उघडायचो, ओळखीचे अभंग वाचायचो आणि मिटायचो. या वेळी पहिल्यापासून, रोज पंधरा. दहा महिने लागले, मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते धरून. दर पंधरा दिवसांनी पुस्तक काउंटरवर न्यायचं, शिक्का मारून घ्यायचा, परत आणायचं. मागच्या चिठ्ठीवर ओळीनं एकवीस तारखा झाल्या. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “काका, अजून कुणी मागितली नाही म्हणून बरं.” हेही जरा विचार करण्यासारखंच आहे.

त्या दहा महिन्यांत कळलं, की मी साठ वर्षं गाथेतला एक भाग वाचतच नव्हतो. पागनीसांचा चेहरा शांत. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर क्षमा. त्या चेहऱ्याला जे शोभत नाही ते मी न कळत वगळत आलो होतो. विठ्ठलाशी सरळ भांडणारे अभंग. शिव्या. ढोंगी माणसाचे वाभाडे. आणि तो एक, ज्यात तुकोबा सांगतात की माझ्यापुरता तरी देव मेला, बाकीच्यांना तो असेल तर असो. तो वाचताना मी पागनीसांना ते शब्द बोलायला लावून पाहिले. ओठ हलेनात. पहिल्यांदाच गाथेतून आवाज येत होता आणि समोर चेहरा नव्हता. रात्रीचे साडेदहा झाले होते, सून दार लावायला आली आणि म्हणाली, “दादा, दिवा घालवू का?” मी म्हटलं, राहू दे.

म्हणजे पेन्सिलवाल्याचं निम्मं खरं. उसना चेहरा घेण्यात मला पाप दिसत नाही, आईला तर त्यानंच सगळं दिलं. पण तो चेहरा चाळणीसारखा बसतो. बसणारं खाली येतं, न बसणारं वरच राहतं, आणि खाली आलेल्यालाच आपण तुकोबा म्हणतो.

मग चेहरा काढून टाकायचा? मला ते जमत नाही आणि ज्यांना जमतं म्हणतात त्यांचं वर सांगितलंच. माझा उपाय साधा, वाचनालयात बसून सुचलेला. दुसरा चेहरा आणायचा. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ आला, जितेंद्र जोशींचा. पुढं मी वहीत त्याला ‘प्रभातची सर नाही’ एवढ्या तीन शब्दांत निकालात काढलं होतं. यंदा नातीनं मोबाईलवर लावून दिला, पुन्हा पाहिला. दुकान, दुष्काळ, बायका-पोरांची उपासमार, चिडणारा तरुण वाणी. हाही खरा तुकाराम नव्हेच. पण आता गाथा उघडली की कधी पागनीस येतात, कधी जोशी, कधी दोघे दारात एकमेकांना अडवतात, आणि तेवढ्यात मी दोन अभंग कुणाच्याही मदतीशिवाय वाचून घेतो. तीन शब्दांचा तो अभिप्राय मी खोडलाय. खाली तारीख टाकलीय.

यंदा पालखी आली तेव्हा रिंगण पाहायला गेलो होतो. इतकी वर्षं बघतोय, पण ध्यानात आलं नव्हतं. पालखीत चेहरा नाहीच. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला तेव्हापासून पालखीत पादुकाच आहेत. माणसं पावलांवर डोकं ठेवतात आणि वरचा भाग ज्याचा त्यानं आणायचा. माझ्यापुढच्या बाईनं काय आणलं होतं कोण जाणे, तिचे डोळे मिटलेले होते.

जुनी वही भरली. बाईंनी नवी आणली आणि पहिल्या पानावर ‘फक्त वाचनालयासंबंधी सूचना’ असं लाल शाईनं लिहून ठेवलंय. त्याखाली मी हे सगळं थोडक्यात उतरवलंय. पेन्सिलीनं लिहिणाऱ्यांना विनंती, की या वेळी सही करा. आणि लिहायचं नसेल तर साडेपाचनंतर या. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी, खिडकीकडच्या खुर्चीत असतो. उंची पाच फूट तीन.