आधी सुपारी

नागपूरच्या महाल भागात केळीबाग रोडच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे. पुढची खोली एकच. तिच्या एका कोपऱ्यात बाबांचा चौरंग आणि पूजेची पेटी, दुसऱ्या कोपऱ्यात माझं टेबल. बाबांचं आयुष्य पौरोहित्यात गेलं. मी लिनक्स कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनावर काम करते.

गेल्या पावसाळ्यात एक बोर्ड चालूच होईना. वीज द्यावी तर सिरियल केबलवर एक अक्षर उमटेना. तीन दिवस मी त्या कोऱ्या खिडकीकडे बघत बसले. शेवटी अर्लीकॉन लावलं, म्हणजे खरा कन्सोल उभा राहण्याआधीच कर्नलला बोलतं करायची सोय, आणि चोर सापडला. चोर मीच. बूट पॅरामीटर वाचणाऱ्या एका फंक्शनात मी केमॅलॉकने मेमरी मागितली होती. केमॅलॉक ज्याच्याकडून मेमरी घेतो तो स्लॅब तोवर जागाच झाला नव्हता. त्याने शून्य पत्ता हातावर ठेवला, मी तो न तपासता त्याच्यावर लिहायला गेले आणि यंत्र तिथेच गार झालं.

"झालं काय?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं: मेमरी हवी तर ती वाटणारा हवा. वाटणाऱ्याला हिशेबाची वही हवी, आणि वही ठेवायला पुन्हा मेमरीच हवी. वहीही लहान नसते. 4 केबीच्या प्रत्येक पानामागे साधारण 64 बाइटची नोंद. 16 जीबीच्या यंत्रात नुसती वहीच 256 एमबीची.

"हा तर अन्योन्याश्रय," बाबा म्हणाले. नैयायिकांनी असे दोष नावानिशी मांडून ठेवले आहेत. स्वतःवरच टेकलेला तो आत्माश्रय, दोघं एकमेकांवर टेकले तर अन्योन्याश्रय, तिघं-चौघं गोल फिरले तर चक्रक, आणि मागे मागे जात अंतच लागला नाही तर अनवस्था. माझ्या धंद्यातले निम्मे बग या चार खणांत बसतात.

बीज आधी की अंकुर, या पेचातून शास्त्राने एक वाट काढली: परंपरा अनादि माना. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्य संसाराचं अनादित्व सांगताना हाच दाखला देतात. पण माझ्या बोर्डाला ती सवलत नाही. त्याचं बटण मी सकाळी सव्वादहाला दाबलेलं असतं. त्याला आदि आहेच, आणि तो कुणीतरी ठरवावाच लागतो.

"मग तू सुपारी न ठेवताच मूर्तीकडे धावून राहिली होतीस," बाबा म्हणाले.

आमच्या घरी गणेश चतुर्थीलासुद्धा आधी तांदळाच्या राशीवर सुपारी मांडतात. पार्थिव गणपतीची पूजा निर्विघ्न व्हावी म्हणून आधी सुपारीतल्या गणपतीची पूजा. लहानपणी मी विचारायची, मग सुपारीच्या पूजेआधी कोण? उत्तर मिळायचं नाही, तीर्थ मिळायचं.

कर्नलमध्येही सुपारी आहे. मेमब्लॉक नावाची एक साधी यादी, सहसा 128 ओळींची, कर्नलच्या प्रतिमेतच कोरलेली असते. ती कुणाकडे मागावी लागत नाही. तिच्या जोरावर पहिली वही मांडली जाते, मग मोकळी पानं ती वाटणाऱ्या बडी अ‍ॅलोकेटरच्या हवाली होतात. पुढे स्लॅबचा पेच याहून अवघड: त्याच्या प्रत्येक कॅशचं, म्हणजे एकाच मापाच्या तुकड्यांच्या साठ्याचं, वर्णनही एका कॅशमधूनच यायला हवं. म्हणून पहिलं वर्णन आयतं लिहून ठेवलेलं असतं. त्यातून खरी कॅश उभी राहते, आपलं वर्णन ती आपल्यातच उतरवून घेते, आणि मूळची आयती जागा बूट संपताना मोकळी केली जाते.

"सुपारीत गणपती खरंच असतो का?" मी त्या दिवशी पुन्हा विचारलं.

"मांडला की असतो. पूजा झाली की अक्षता टाकून उत्तरेकडे सरकवायची. ते विसरलं तर मात्र चूक."

मला यातला दुसरा भाग मोलाचा वाटतो. पहिली गोष्ट सिद्ध करता येत नाही, मांडावी लागते. सिद्ध होईस्तोवर मांडणारच नाही म्हणणाऱ्याचं काही सुरू होत नाही. पण मांडलेली सुपारीच मूर्ती समजून जन्मभर कवटाळणारेही कमी नाहीत. धर्मातली पुष्कळशी भांडणं तिथली आहेत. श्रद्धेने आरंभ करून द्यावा आणि वेळेवर सरकावं.

क्रम चुकला तरी देव रुसत नाही, हे महालात वेगळं सांगायला नको. इथल्या राजघराण्यातले खंडोजी भोसले मोहिमेवरून परतले तोवर घरच्या गणपतीचं विसर्जन झालं होतं, म्हणून पितृपक्षात पुन्हा गणपती बसवला, तोच हाडपक्या गणपती, असं इथे सांगतात. यंत्राकडे एवढी माया नसते.

माझी दुरुस्ती फार नव्हती: केमॅलॉकच्या जागी मेमब्लॉक, आणि मिळालेला पत्ता तपासायच्या दोन ओळी. बोर्ड आता चालतो. बूटच्या शेवटी सुरुवातीची मेमरी मोकळी केल्याची ओळ येते, तेव्हा मी चौरंगाकडे हाक मारते, "बाबा, सुपारी सरकली."