चिमणी कशी चालते?

जमिनीवर बसा. खुर्ची नको, पाटही नको. सारवलेलं अंगण असेल तर उत्तम, सोसायटीच्या आवारातली फरशी असली तरी चालेल. चार वर्षांचं मूल उभं राहिलं की साधारण एक मीटर भरतं. तुम्ही मांडी घातलीत की तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या आसपास येतात, आणि एरवी पायाखालून निसटून जाणारं बरंच काही समोर येतं: मुंग्यांची रांग, सांडलेले तांदूळ, धुळीत उमटलेली पावलं. तीन बोटं पुढे, एक मागे. ती कुणाची, हे इतक्यात ठरवायचं नाही.

डोळे मिटा. ऐकू येईल त्या प्रत्येक आवाजाला मुठीतलं एक बोट उघडायचं. बालवाडीतल्या मुलांबरोबर हा खेळ खेळलात तर त्यांच्या बोटांत स्कूटर असेल, शेजारच्या कुकरची शिट्टी असेल, कुणाच्या तरी आजीचं खोकणं असेल. त्यातलं काहीच गाळू नका. कान एकदा उघडा राहिला की पक्षी आपणहून त्यात येतात. उन्हं चढताना तांबटाचं एकसुरी टुक-टुक-टुक सुरू होतं आणि मुलांच्या माना त्या ठेक्यावर हलायला लागतात. कुंपणाच्या झुडपातून कुणी तरी इतक्या जोरात ओरडतं की मुलांना तिथं कोंबडीएवढा पक्षी बसलाय असं वाटतं. प्रत्यक्षात तो अंगठ्याएवढा शिंपी असतो. तो दिसला की मुलं हसतात. त्या हसण्यात आकार आणि आवाज यांच्या नात्याचा एक अख्खा पाठ होऊन जातो, आणि तुम्हाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

न बोलणं अवघड असतं. पक्षी दिसला की जीभ लगेच नाव पुढे करते: तो बघ बुलबुल. मूल ‘बुलबुल’ म्हणतं, आपल्याला बरं वाटतं, आणि दोघांचंही बघणं तिथंच थांबतं. म्हणून आजच्यापुरतं नाव थोडं मागे ठेवू. मुलानं विचारलं तर जरूर सांगा, ते काही गुपित नव्हे. फक्त त्यानं विचारण्याआधी सांगू नका.

आता चिमणी मनात आणा. सावकाश. तिचा रंग नंतर बघू, चोच नंतर बघू. ती अंगणात उतरली आहे आणि दाणा तिच्यापासून हातभर लांब आहे. ती त्याच्यापर्यंत कशी जाते? चिऊचा घास खाऊन वाढलेल्या आपल्यापैकी किती जणांना हे चटकन सांगता येईल? थांबा, पुस्तकात शोधू नका. आठवणीतल्या चिमणीला पुन्हा एकदा उतरू द्या.

ती चालत नाही. दोन्ही पाय एकदम उचलून टुणकन पुढे पडते, थबकते, पुन्हा टुणकन. कावळा मात्र चालतो, एकापुढे एक पाय टाकत, अंगाला थोडा झोल देत. घाई झाली तरच तिरक्या उड्या मारतो. साळुंकी चालते. पारवाही चालतो, आणि त्याची मान पुढे-मागे हलतेय असं आपल्याला वाटतं. नीट पाहिलं तर वेगळंच दिसतं: डोकं जागच्या जागी धरलेलं, अंग पुढे सरकतंय, मग डोकं एका झटक्यात पुढे, पुन्हा स्थिर. डोकं स्थिर असतं तेवढा वेळ त्याला समोरचं स्वच्छ दिसतं.

हे मुलांना सांगून समजत नाही, आणि खरं तर आपल्यालाही नाही. ते अंगानं करावं लागतं. हात मागे घ्या, कमरेवर दुमडून ठेवा. तुमच्या समोर मुलांची रांग आहे असं समजा. ‘चिमणी!’ म्हटलं की सगळे टुणटुण. दोन-तीन उड्यांत मोठ्या माणसाचे गुडघे बोलायला लागतात. मुलं अंगणाचे दोन फेरे मारून येतात. ‘कावळा!’ म्हटलं की चाल बदलते, चेहराही बदलतो, एखाद्याच्या नजरेत लबाडी येते. पारव्याची चाल कुणालाच धड जमत नाही आणि तीच सगळ्यांना हवी असते. तीन वर्षांचं एखादं मूल सगळ्या पक्ष्यांना एकाच पद्धतीनं उडवतं, दोन्ही हात पसरून गोल गोल धावतं. त्याला तसंच धावू द्या. त्याचा पक्षी अजून उडण्यातच आहे, तो जमिनीवर उतरलेला नाही.

तुम्हीही हात पसरा. लाज वाटेल, वाटू दे. खांद्यापासून बोटांपर्यंत हात हळूहळू वर न्या, खाली आणा. आता हात नुसते पसरून ठेवा आणि किंचित कला. ही घार. ती पंख न मारता चकरा घेते, कारण तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा तिला उचलून धरते. आपले हात मात्र मिनिटभरात भरून येतात. त्या दुखणाऱ्या खांद्यांनी एकदा वर आकाशात बघा.

अंगणच शाळा होऊ शकतं, ही गोष्ट आपल्याकडे काही बायकांनी आयुष्य घालून सिद्ध केली आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९४५ साली त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हळूहळू देशभर पोचली. त्याच्या कितीतरी आधी केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं होतं, आणि तिथं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली: गुरं चरतील तिथं शाळा. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी दगड, शिंपले, बिया, पानं आली. मला यात काटकसरीपेक्षा एक शहाणपण जास्त दिसतं. कुरणातल्या त्या मुलाचा जरा विचार करा. म्हशीच्या पाठीवर बसून उडते किडे टिपणारा कोतवाल त्याला कुणी दाखवावा लागत असेल का? टिटवी उघड्या माळावर खड्यांसारखी अंडी घालते, हे ठाऊक असल्यामुळेच त्याचा पाय जपून पडत असेल. शिकवायला आलेल्या माणसाला त्याच्याजवळ बसून आधी ऐकावंच लागणार.

आता एक कोळसा घ्या. चुलीतला मिळाला तर चुलीतला. समोर रद्दीचा मोठा कागद पसरा आणि शेजारी मुलाला जागा द्या.

त्याचा हात बघा, कागद नको. सुरुवातीला हात खांद्यातून फिरतो, गोल, पुन्हा गोल, त्याच वर्तुळावरून कितीतरी वेळा. सॅन फ्रान्सिस्कोत बालशाळा चालवणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि या गिरगोट्यांतही एक क्रम असतो असं दाखवलं: आधी नुसत्या रेघा, मग मिटलेलं वर्तुळ, मग त्याला फुटणारे किरण, मग माणूस. पक्षी या रांगेत जरा उशिरा येतो आणि येताना माणसाचं बरंच काही घेऊन येतो. समोर बघणारे दोन डोळे. हसरं तोंड. कधी कान. पाय बहुधा चार, कारण गायीला चार, कुत्र्याला चार, तर मग याला का नकोत? आणि पोटात अंडी, बाहेरून सरळ दिसणारी.

इथं थोडा वेळ थांबा. तुमच्या ओठांवर काय आलंय ते तपासा. ‘पक्ष्याला चार पाय असतात का रे?’ हेच ना? हा प्रश्न दिसायला प्रश्न आहे, पण मुलाला त्यातला निकाल बरोबर ऐकू येतो. तो तसाच गिळा. पोटातली अंडी पुन्हा बघा. कोंबडीच्या आत अंडं असतं हे मुलाला माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते त्यानं काढलं आहे. आपण जे दिसतं ते काढायला शिकलो, कारण आपल्याला तसं शिकवलं गेलं. यातलं कुठलं चित्र जास्त खरं, यावर मी पैज लावणार नाही.

उद्या कावळा अंगणात आला की त्याच्याकडे बघत बसा, बस्स. परवा चित्रात पाय दोन होतील, किंवा पुन्हा चारच होतील.

कावळा मात्र काढाच, कारण कोळसा आणि कावळा यांची गंमत दुसऱ्या कशात नाही. मूल आधी सगळं काळंकुट्ट भरतं. दुसऱ्या दिवशी कावळा जवळून दिसतो आणि कुणी तरी म्हणतं, याची मान मळलीय. खरंच, आपल्या घरकावळ्याची मान राखाडी असते. पूर्ण काळा असतो तो डोमकावळा, चोचीनंही दांडगा. मग प्रश्न येतो, राखाडी आणायचा कुठून? कुणाचं तरी बोट चुकून कोळशावर फिरतं आणि रंग पसरून फिका होतो. तो क्षण यायला चार दिवस लागले तरी हातात रंगपेटी ठेवू नका. बोटानं घासून मिळालेल्या त्या राखाडीत मुलानं कावळ्याची मान दोनदा पाहिलेली असते, एकदा झाडावर, एकदा कागदावर. पुढे कधी तरी उन्हात पंखावरची निळसर झाक दिसेल आणि कोळसा हरेल. हरू दे.

(छापील पोपटात हिरवा रंग भरून आणणाऱ्या वहीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की तिथं रेघेबाहेर न जाणं हाच एक गुण उरतो, आणि पोपट तर जन्मभर रेघेबाहेरच असतो. भिंतीवरच्या तक्त्यांचंही तसंच. शहामृग, पेंग्विन, ईमू! आणि खिडकीबाहेर तारेवर बसून दयाळ गातोय त्याच्याकडे सगळ्यांची पाठ.)

कोसबाडच्याच डहाणू तालुक्यात वारली घरांच्या गेरूनं लिंपलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठानं चित्रं निघतात. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की झाला कुंचला. जिव्या सोमा मशे याच तालुक्यातले. त्यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेलं, जगभर पोचवलं. तिथला पक्षी बघा: एखादा त्रिकोण, चार-दोन रेघा, आणि तरी तो उडालेला असतो. मोठ्या चित्रकाराला जे टाकून द्यावं लागतं ते लहान मुलानं अजून उचललेलंच नसतं. पण म्हणून मुलांना वारली चित्राची नक्कल करायला बसवू नका. त्यांना गेरू द्या, पीठ कालवून द्या, चावलेली काडी द्या. भिंत मिळाली तर फारच छान.

पावसाळा तोंडावर असेल आणि जवळ पाण्याच्या काठी बाभूळ किंवा शिंदी असेल, तर सुगरणीच्या घरट्याखाली जाऊन उभं राहा. पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताची लांब चिरफळी चोचीत धरून आणतो, फांदीला गुंडाळतो, ओवतो, ओढतो. विणतो तो नर. अर्धं घरटं झालं की मादी येऊन तपासते. नापसंत पडलं तर तसंच लोंबकळत राहतं. आपल्या कवितेनं आणि आपल्या मनानं हे श्रेय आईला देऊन टाकलं आहे, आणि ते परत घ्यायची मला घाई नाही. मुलांसमोर त्याचं भाषण नको. ती स्वतः सांगतील, पिवळाच विणतोय म्हणून.

तोवर जमिनीवर पडलेलं गवत उचला. एक पात हातात घ्या आणि दुसरी तिच्यातून ओवून बघा, फक्त अंगठा आणि तर्जनी वापरून, कारण चोचीला दोनच टोकं असतात. निसटेल. पुन्हा करा. शेजारी चार वर्षांचा कुणी हेच करतोय आणि त्याचंही निसटतंय. दोघांनी एकदम वर बघा.

घरी, वर्गात, झाडाखाली कुठंही परत आलात की हात धुवा, गोल करून बसा आणि बोटं जमिनीवर टेका. चिमणी उड! सगळी बोटं वर. कावळा उड! वर. म्हैस उड! दोघा-तिघांची वर, मग हशा. हा खेळ आपण सगळे खेळलोय, पण त्यात केवढं शास्त्र भरलंय याच्याकडे लक्ष गेलं होतं का? म्हणा, कोंबडी उड. ज्याच्या घरी गावठी कोंबडी आहे त्याचं बोट ताडकन वर जाईल, कारण ती संध्याकाळी भिंतीवर, फांदीवर उडून बसते हे त्यानं पाहिलंय. ज्यानं कोंबडी फक्त दुकानातल्या जाळीत पाहिली, त्याचं बोट खालीच. दोघं भांडतील. भांडू द्या. मोर उड. बदक उड. वटवाघूळ उड: उडतं तर खरं, पण ‘ते पक्षी आहे का?’ असं कुणी तरी विचारेलच. पतंग उड. पान उड. नियम पार विस्कटतील, बाद कोण झालं हे कुणाला कळणार नाही. आणि राज्य घेणारं पोर मध्येच ‘ताई उड!’ म्हणून ओरडलं, तर निम्मी बोटं वर जातील. ताईंना हात पसरून अंगणात घिरट्या घालताना सगळ्यांनी पाहिलेलं आहे.