जॉन्सन, उभा राहा

जॉन्सन, उभा राहा. केस विंचरले नाहीस तरी चालेल, ते तू मुद्दाम विस्कटतोस हे सगळ्यांना ठाऊक आहे. हसू मात्र नको. आज तुझ्या विनोदांना इथे गिऱ्हाईक नाही.

६ जून २०२२ च्या रात्री तू, ब्रिटनचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन, कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणालास की विश्वासमताचा निकाल उत्तम लागला, निर्णायक लागला. २११ विरुद्ध १४८. तुझ्याच हुजूर पक्षाच्या ३५९ खासदारांपैकी १४८ जणांनी गुप्त मतदानात सांगितलं की हा नेता आम्हाला नको. शंभरातले एकेचाळीस! आणि तू म्हणतोस निर्णायक. डिसेंबर २०१८ मध्ये थेरेसा मे बाईंवर हीच वेळ आली, तेव्हा आकडा २०० विरुद्ध ११७ होता, म्हणजे तुझ्यापेक्षा बरा. त्या वेळी तुझे जेकब रीस-मॉग सांगत होते की बाईंनी आता राणीकडे जाऊन राजीनामा द्यावा. तुझ्या पाळीला तेच गृहस्थ म्हणाले, एका मतानं जिंकला तरी पुरे. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातली आहेत, तेवढं लक्षात ठेव.

पण मला तुझ्याशी आकड्यांवरून वाद घालायचा नाही. तू नियम मोडलास का आणि मोडल्यावर सभागृहात खरं बोललास का, एवढंच तुला विचारलं होतं. तू सांगतोस, माझ्यामागे २११ आहेत. विचारलं काय आणि सांगतोस काय? पाठीशी किती मुलं उभी आहेत हे मी विचारलेलं नाही. २११ चे २५० झाले असते तरी मी तुला खाली बसवलं नसतं.

नियम कुणाचे होते ते आधी बोल. कोविडची साथ पसरत असताना, २३ मार्च २०२० च्या संध्याकाळी टेबलावर हात जुळवून, चेहरा गंभीर करून तूच देशाला सांगितलंस की घरात राहा. ती काही विनंती नव्हती. कायदा होता, मोडणाऱ्याला पोलीस दंड करणार होते. लोकांनी तो पाळला. मरणाऱ्या आईला फोनच्या पडद्यावर पाहिलं, बापाच्या दफनाला मोजकी माणसं जमवली. आमच्याकडेही त्या वर्षी अंत्ययात्रेला वीसच माणसांची परवानगी होती. सख्ख्या भावांनी घरी बसून तेराव्याचं पाणी सोडलंय, म्हणून हा विषय आम्हाला परका वाटत नाही. तू स्वतः त्या एप्रिलमध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात अतिदक्षता विभागात होतास. त्याच रुग्णालयाच्या कडेनं थेम्सकाठी जी लांबच लांब भिंत आहे, तिच्यावर लोकांनी प्रत्येक मृत्यूमागे एक लाल बदाम रंगवलाय. दीड लाखाच्या वर बदाम. पार्लमेंट नदीच्या बरोबर पलीकडे आहे. त्या काठावरून ते दिसत नाहीत, असं निदान तू तरी म्हणू नकोस.

आता सबबी. माझी सगळी नोकरी सबबी ऐकण्यात गेली, त्यामुळे त्यांची प्रतवारी मला लावता येते. तुझ्या अगदी खालच्या प्रतीच्या आहेत.

२० मे २०२० घे. तुझ्या कचेरीतल्या मुख्य खासगी सचिवानं दोनशेच्या आसपास लोकांना ईमेल पाठवला की हवा छान आहे, संध्याकाळी बागेत या, येताना आपापली दारू घेऊन या. तीस-चाळीस जण आले. त्याच संध्याकाळी त्याच कचेरीतून तुझा मंत्री ऑलिव्हर डाउडेन टीव्हीवरून जनतेला समजावत होता की घराबाहेरच्या एकाच माणसाला भेटता येईल, तेही मोकळ्यावर, दोन मीटर अंतर ठेवून. तू बागेत गेलास, पंचवीस मिनिटं थांबलास आणि दीड वर्षानं सभागृहात म्हणालास, मला ते कामाचंच वाटलं. तुझ्या माणसांना काय वाटत होतं ते तुझ्या कचेरीतल्या पार्ट्यांची चौकशी करणाऱ्या स्यू ग्रे बाईंच्या अहवालात आलंय. एकानं आधीच बजावलं होतं की पत्रकार परिषद तेवढ्यातच संपणार आहे, वाइनच्या बाटल्या नाचवत फिरू नका. पुढे त्या सचिवानं सहकाऱ्याला लिहिलं की दारूच्या त्या बैठकीतून आपण सुटलो असं दिसतंय. कामाची बैठक झाली तर ‘सुटलो’ कोण म्हणतं रे?

दुसरी सबब जानेवारी २०२२ ची. ‘हे नियमाविरुद्ध आहे असं मला कुणी सांगितलं नाही.’ पहिलीतलं पोरसुद्धा हे म्हणताना जरा चाचरतं. फळ्यावर नियम तू लिहिलास, मोठ्यानं वाचून तू दाखवलास, रोज संध्याकाळी देशाकडून घोकून तू घेतलास आणि वर विचारतोस, मला कुणी सांगितलं का नाही? तुला कुणी सांगायचं होतं? शिपायानं?

तिसरी तर तुझीही नाही, तुझ्या वतीनं एका मंत्र्यानं दिली. १९ जून २०२०, तुझा छप्पन्नावा वाढदिवस, मंत्रिमंडळाची खोली. कॉनर बर्न्स म्हणाले की केकनं तुला दबा धरून गाठलं. असं बोलणारी माणसं तू जवळ ठेवतोस यावरूनच तुझी परीक्षा होते, पण ते असो. याच कार्यक्रमाबद्दल एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी तुला दंड केला. पन्नास पाउंड. पदावर असताना कायदा मोडल्याचा दंड झालेला तू पहिला ब्रिटिश पंतप्रधान. रक्कम किरकोळ आहे, मान्य. त्या पन्नास पाउंडांसाठी मी तुला उभं केलेलं नाही.

उभं केलंय ते १ डिसेंबर २०२१ साठी. वर्तमानपत्रात पहिली बातमी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू सभागृहात ठणकावून सांगितलंस की १० डाउनिंग स्ट्रीटवर सगळे नियम तंतोतंत पाळले गेले. पुढे पोलिसांनी ८३ जणांना मिळून १२६ दंड केले. एका पत्त्यावरून आणि त्याच्या आसपासच्या कचेऱ्यांतून एकशे सव्वीस! यातले बरेच कनिष्ठ होते. वरचे गेले म्हणून हेही गेले. तुझी प्रवक्ती अ‍ॅलेग्रा स्ट्रॅटन सरावाच्या खोट्या पत्रकार परिषदेत पार्टीच्या प्रश्नावर हसली म्हणून रडत राजीनामा देऊन गेली. पार्टीत ती होती असंही कुणी म्हटलं नव्हतं. तू मात्र एका दंडावर निभावलास. अहवालातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. डिसेंबर २०२० मधल्या एका पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईला आलेल्या माणसाला भिंतीवर आणि झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्यांवर रेड वाइन सांडलेली दिसली. सफाई आणि सुरक्षेच्या माणसांशी तिथली मंडळी उर्मटपणे वागली, असंही ग्रे बाईंनी नोंदवलंय. ज्यांनी भिंत पुसली त्यांनी नियम पाळले होते, जॉन्सन. घरी जाऊन पुन्हा मुलाबाळांपासून लांबही राहिले असतील.

आणि १६ एप्रिल २०२१ ची रात्र. दुसऱ्या दिवशी प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी. नियमाप्रमाणे राणी एलिझाबेथ चर्चमध्ये काळा मास्क लावून एकट्या बसल्या, नव्वदी पार केलेली विधवा बाई. आदल्या रात्री तुझ्या घरी निरोपाच्या दोन पार्ट्या. सूटकेस घेऊन दुकानातून वाइन आणवली, कुणीतरी तुझ्या पोराचा बागेतला झोपाळा मोडला. तू त्या रात्री तिथे नव्हतास, हे मी तुझ्या बाजूनं लिहून ठेवतो. पण शाळा तुझी होती.

अहवाल आला २५ मे २०२२ ला. दोनच दिवसांनी तू मंत्र्यांची आचारसंहिता सुधारून काढलीस. किरकोळ चुकीला राजीनामा नको, माफी किंवा पगारकपात चालेल, अशी सोय आली, आणि तुझ्या नावाच्या प्रस्तावनेतून प्रामाणिकपणा, सचोटी हे शब्द गेले. शिक्षेचे टप्पे असावेत असं इतरही जाणते लोक म्हणत होते, त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. पण मुहूर्त? मुहूर्त कसला काढलास?

तुझ्या ईटनच्या मास्तरांनी, मार्टिन हॅमंड यांनी, १९८२ मध्ये तुझ्या वडिलांना पत्र लिहिलं होतं. आशय असा की जबाबदारी टाळल्याबद्दल बोललं की मुलालाच अन्याय झाल्यासारखं वाटतं. सगळ्यांना बांधणारी बंधनं आपल्याला लागू नाहीत, आपण अपवाद आहोत, आणि हे मान्य न करणारे आम्ही मास्तर कोत्या मनाचे, असं त्याला अगदी मनापासून वाटतं. सतरा वर्षांचा होतास तू. मी हे पत्र वाचलं तेव्हा त्या मास्तरांबद्दल आदर वाटला आणि तुझ्या पक्षाबद्दल कीव. प्रगतिपुस्तक कित्येक वर्षं उघडं पडलं होतं. वाचायला कुणाला सवड नव्हती, कारण पोरगा निवडणुका जिंकून देत होता. २०१९ ला ८० चं बहुमत!

म्हणून आता बाकीचे उभे राहा. हो, तुम्हीच. नेत्यावर अविश्वास असेल तर तुम्हा खासदारांच्या १९२२ कमिटीच्या सर ग्रॅहम ब्रेडींकडे चिठ्ठी द्यायची, पंधरा टक्के चिठ्ठ्या झाल्या की मतदान, असा तुमचा तेव्हाचा नियम. चोपन्न चिठ्ठ्या हव्या होत्या. तुमच्यातल्या काहींनी चिठ्ठीवर राणीच्या राज्यारोहणाच्या सत्तर वर्षांच्या सोहळ्यानंतरची तारीख घातली. चीड आली ती सोयीच्या तारखेला! ३ जूनला सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर लोकांनी पंतप्रधानाची हुर्यो उडवली, तेव्हा कुठे तुमच्यापैकी काहींना कंठ फुटला. आणि जे २११ होतात, तुम्ही खरं-खोटं तोललंच नाहीत. पुढची निवडणूक कोण जिंकून देईल, एवढंच तोललंत. त्यातही चुकलात. जून संपायच्या आत दोन पोटनिवडणुका हरलात.

तुमच्या नियमानं त्याला वर्षभर अभय होतं. महिना टिकला. तुमचा उपमुख्य प्रतोद क्रिस पिंचर याच्यावर गैरवर्तनाचा आरोप झाला, तेव्हा पुन्हा तेच, त्याच्या आधीच्या तक्रारीचं मला ठाऊक नव्हतं. एका निवृत्त सचिवानं जाहीर पत्र लिहून सांगितलं की ह्यांना समोरासमोर कळवलं होतं. मग पन्नासहून जास्त राजीनामे दोन-तीन दिवसांत पडले आणि ७ जुलैला जॉन्सन, तू जायचं कबूल केलंस. जाताना दोष कळपाला दिलास.

पुढच्या वर्षी विशेषाधिकार समितीनं ठरवलं की तू सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केलीस, आणि तू अजून खासदार असतास तर नव्वद दिवसांचं निलंबन सुचवलं असतं. तू निकाल लागायच्या आधीच दप्तर उचलून निघून गेलास आणि समितीत तुझ्याच पक्षाचं बहुमत असताना तिला शिव्या घातल्यास. १९ जून २०२३ ला सभागृहानं तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला. तुझा एकोणसाठावा वाढदिवस होता.

सुनक, तू कुठे होतास त्या दिवशी? तोंड लपवू नकोस. केकच्या खोलीतला दंड तुलाही झाला होता, तो तू भरलास, माफी मागितलीस, ठीक. पण एव्हाना तू स्वतः पंतप्रधान झाला होतास, आणि सभागृहात हजेरी घेतली तेव्हा तुझी जागा रिकामी होती. तुला दुसरी कामं होती असं कळलं. मी तुला कामांबद्दल विचारत नाही. मत काय होतं ते सांग. हो किंवा नाही.