वाट पडू नये म्हणून

"बेटापाशी थांबू," असे मामा म्हणाले आणि आम्ही बाराच्या बाराजणांनी ठोकळवाडीच्या पाण्याकडे माना वळवल्या. तलाव काठोकाठ भरला होता, डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या दिसत होत्या, पण बेट काही दिसेना. मामांची काठी मात्र उलट्या दिशेला वळली होती. बांधाच्या कडेला कळकाचे बेट होते, आणि त्याच्या मागे देवराईची काळपट हिरवी झाडी. पुण्याहून पहाटे निघालेल्या आमच्यापैकी एकालाही या शब्दाचा हा दुसरा अर्थ वेळेवर आठवला नाही. बांबूचेही बेट असते, हे शाळेच्या भूगोलाने आमच्या डोक्यातून कधीच पुसून टाकले होते.

आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचे खोरे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कान्हे फाट्याला वळायचे, टाकवे बुद्रुक मागे टाकायचे आणि वडेश्वर, खांडी, कुसूर अशी नावे एकेक करून येऊ लागली की घाटमाथा जवळ आला असे समजायचे. पलीकडे कुसूरचा घाट कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीकडे उतरतो. या खोऱ्याचे पाणी मुळात इंद्रायणीत, भीमेत, म्हणजे पूर्वेच्या समुद्राला जायचे. टाटांच्या कंपनीने ते ठोकळवाडीला अडवले, बोगद्यातून कड्याखाली भिवपुरीला सोडले आणि 1922 पासून त्यावर वीज केली. ती वीज मुंबईला गेली आणि पाणी उल्हास नदीत. या कंपनीचे नाव होते 'आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय'. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराने मावळातल्या नदीला तेलुगू मुलुखात नेऊन बसवले. पाण्याची दिशा तर बदललीच, नावाचीही बदलली.

आमची सहल रीतसर होती. आगाऊ नोंदणी, नाश्ता, दुपारचे पिठलं-भाकरी, सोबत वनस्पतिशास्त्राचे एक जाणकार, आणि पुढे चालायला गावातले मामा. हे दोघे वाटाडे दोन तऱ्हांचे. जाणकारांच्या गळ्यात छोटा ध्वनिवर्धक होता. अंजन, पिसा, भोमा, हिरडा अशी झाडे ते लॅटिन नावांसकट ओळखून देत होते, आणि ते देणे उत्तम होते. मी वहीत उतरवून घेतले. मामा बोलत नव्हते. ते फक्त कुठे पाय टाकायचा ते पाय टाकून दाखवत होते. पत्रकात जाणकारांचे नाव ठळक होते. मामांचे नाव 'स्थानिक मार्गदर्शक' असे होते.

देवराईत चपला बाहेर काढून शिरलो. आत एकदम थंडावा. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेल्या होत्या, खाली गेल्या वर्षीच्या लांबलचक शेंगांचे वाळके तुकडे पडले होते. शेंदूर फासलेला तांदळा, चार मातीचे घोडे, एक गंजलेली घंटा. जाणकार म्हणाले, आत अजून थोडे गेलो तर झरा आहे आणि त्याच्या काठी पाहण्यासारखी झाडे आहेत. मामा म्हणाले, "यापुढं नको."

कुरबूर झाली. पैसे भरलेल्या माणसांची कुरबूर फार सभ्य असते, पण ती असतेच. कुणीतरी विचारले, देवाचे काही आहे का? आम्ही पाळू की. मामांनी देवाचे नावही काढले नाही. म्हणाले, "बारा माणसं गेली की वाट पडती. वाट पडली की गुरं जात्यात. गुरं गेली की खालची रोपं राहत न्हाईत." एवढे बोलून ते खाली बसले आणि तंबाखूची डबी काढली.

मार्गदर्शित सहल म्हणजे नेमके काय, याचा मी त्यानंतर बराच विचार केला आहे. आपली समजूत अशी, की वाटाड्या दाखवण्यासाठी असतो. जितके जास्त दाखवील तितका चांगला. दर माणशी दराचा हिशेबच तसा आहे. माझे म्हणणे उलट आहे. राखलेल्या जागेत वाटाड्याचे खरे काम न दाखवण्याचे आहे, आणि 'नाही' म्हणायचा अधिकार ज्याला नाही तो वाटाड्या नसून नुसता हमाल आहे. आज आपण माहिती सांगणाऱ्याला पैसे देतो आणि अडवणाऱ्याला टीप.

याला लगोलग प्रतिवाद येतो: निसर्ग सगळ्यांचा, मग अडवणारे तुम्ही कोण? हा प्रश्न मला पोकळ वाटत नाही. देवरायांच्या जुन्या नियमांत बाईचा विटाळ होता, जातीची उतरंड होती. कुणी कुठवर जायचे हे ठरवताना नेहमीच झाडांचा विचार झाला असे मुळीच नाही. 'पूर्वज किती शहाणे होते' हा आपल्या मासिकांतला लाडका सूर मला म्हणूनच पचत नाही. पण दुसरी बाजूही याच तालुक्यात दिसते. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पुढच्याच वर्षी 15 जूनला तळेगावजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चौघे गेले. दर वेळी नंतर बंदीचे आदेश निघतात, फलक लागतात. फलक सगळ्यांना सारखेच 'नाही' म्हणतो, म्हणून त्याचे कुणी ऐकत नाही. मामांचे ऐकले, कारण ते कारण सांगून समोर बसले होते.

आता जरा लांब जाऊ. पनामा कालव्यासाठी अमेरिकनांनी चाग्रेस नदी अडवली आणि गातून तलाव भरला. पाणी चढत गेले तशी 1913 च्या सुमारास एक टेकडी चहूबाजूंनी वेढली जाऊन तिचे बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोराडो, क्षेत्रफळ साधारण पंधरा चौरस किलोमीटर. 1923 मध्ये ते अभ्यासासाठी राखीव झाले, पुढे 1946 मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आले. तिथेही एका दिवसाची सहल मिळते. आधी नोंदणी करायची, होडीने जायचे, मार्गदर्शकाबरोबर रान फिरायचे, जेवायचे, परत यायचे. ठोकळवाडीचे पाणी आणि हे पाणी जवळजवळ एका वयाचे आहे. तिकडे जहाजांसाठी, इकडे मुंबईतल्या कारखान्यांसाठी. पण त्यांनी त्या टेकडीवर वही उघडली. 1980 च्या दशकाच्या आरंभी तिथे पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आखला आणि त्यातले एक सेंटिमीटरपेक्षा जाड असलेले प्रत्येक खोड मोजले. दोन लाखांहून जास्त खोडे. मग दर पाचेक वर्षांनी पुन्हा तीच मोजदाद. पर्यटकाला जो मार्गदर्शक तिथे भेटतो त्याच्या पाठीशी ही वही असते.

आणि ती वही काय सांगते, तर राखूनही पक्षी गेले. कुऱ्हाड लागली नाही, तरी दाट रानाच्या तळाशी राहणाऱ्या अनेक जाती बेटावरून नाहीशा झाल्या. छोट्या बेटावर जाती कमी टिकतात, हे रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी 1967 च्या पुस्तकात गणिताने मांडले होते. गातून तलावावर त्याचे कारण डोळ्यांना दिसले. संशोधकांनी रानातले पक्षी होडीतून पाण्यावर नेले आणि किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मीटरवरून सोडले. काहींना शंभर मीटरही झेपले नाहीत, ते पाण्यात उतरले आणि त्यांना उचलून घ्यावे लागले. पंख होते, किनारा समोर दिसत होता, फक्त मोकळ्यावरून उडायची सवय नव्हती. एकदा जात कमी झाली की बाहेरून भर पडायचा रस्ताच उरला नव्हता.

देवराई हे असेच बेट आहे. माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून नोंदल्या आणि 1976 मध्ये त्यावर लिहिले. तेव्हापासून देवराई म्हटले की आपण तिच्या आत पाहतो: किती जुनी झाडे, कोणते दैवत, कोणती दुर्मिळ वेल. बाहेर कुणी पाहत नाही. वास्तविक एकर-दोन एकरांच्या त्या तुकड्याचा जीव बाहेरच्या गोष्टींवर तगून आहे. मधले माळ, बांधावरची जांभळे आणि आंबे, ओढ्याकाठची झुडपे, पडीक वरकस जमीन. फळ खाऊन बी दुसरीकडे टाकणारा पक्षी या टप्प्याटप्प्यांनीच प्रवास करतो. शेकरू तर शक्य तोवर जमिनीवर उतरतच नाही, फांदीवरून फांदीवर जातो. म्हणून त्याला भीमाशंकरसारखे सलग रान लागते. तिथले अभयारण्य 1985 चे, सुमारे 130 चौरस किलोमीटरचे. एकट्या देवराईत त्याने काय करावे?

आंदर मावळात देवराईभोवती पाणी चढते आहे ते तलावाचे नव्हे. ते प्लॉटिंगचे आहे. टाकव्यापासून वर जाताना मी फलक मोजायचे ठरवले आणि काही वेळाने सोडून दिले. 'निसर्गाच्या सान्निध्यात', 'लेक व्ह्यू', 'देवराई टच' (हे मी रचलेले नाही). आधी जेसीबीने बांध सपाट होतो, त्यावरचे जांभूळ जाते, मग सिमेंटचे खांब आणि तार, मग हिरवळ, आणि रात्रभर जळणारे पांढरे दिवे. काजवे एकमेकांना उजेडानेच हाका मारतात. त्या दिव्यांपुढे त्यांची हाक कुणाला दिसणार? देवराईला कुणी हात लावत नाही, उलट तिच्यामुळे प्लॉटचा भाव वाढतो. तिच्या भोवतीचे शंभर मीटर तेवढे उघडे होत जातात.

कुंपण हा राखण्याचा उपाय वाटतो खरा. सातारच्या कास पठारावर 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर माणसे लोटली. रोजच्या संख्येवर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी हे तिथे शहाणपणाचे झाले. गावकऱ्यांच्या समितीने ते चालवले. पण पठाराला तारेचे कुंपणही पडले आणि गुरे, वन्यप्राणी यांची ये-जा अडून फुलांवर परिणाम होतो अशी तक्रार सुरू झाली. शेवटी ते कुंपण काढले गेले. मामांच्या देवराईत गुरे नकोत आणि कासच्या सड्यावर गुरे हवीत. यातले एकही उत्तर दुसऱ्या गावाला लावता येत नाही, आणि कुठे कोणते लावायचे हे त्या त्या जागी पन्नास पावसाळे काढलेल्या माणसाला विचारावे लागते.

ते विचारण्याची सोय कायद्यात आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. कल्पना बारो कोलोराडोच्या वहीइतकीच मोलाची. फक्त वही लिहिणारा शास्त्रज्ञ नव्हे, गावकरी. माझ्या पाहण्यातली एक नोंदवही मात्र अशी होती की तिच्यात त्या गावात कधीच न उगवणाऱ्या झाडांची यादी होती. शेजारच्या कुठल्या तरी तालुक्यातून ती उतरवून घेतली असावी. ते गाव कोणते हे सांगण्यात हशील नाही. मुद्दा असा, की मामांसारख्या माणसाला सहलीला पुढे घालण्यापेक्षा वर्षातून काही दिवस त्या वहीसाठी मोल देऊन बसवले असते, तर कोणता झरा कोणत्या साली वैशाखात आटला, धनेश कोणत्या आंब्यावर बसायचे आणि कधीपासून बसेनासे झाले, हे कुठेतरी उतरले असते. आज ते त्यांच्या डोक्यात आहे. त्यांचा धाकटा मुलगा एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जातो आणि भावकीतली निम्मी जमीन विकून झाली आहे. मोजदाद करणाऱ्याचेच पाय सुटत चालले, तर एक दिवसाच्या सहलीला 'यापुढं नको' म्हणायला कोण राहील?

परतताना ओढ्याशी मामा थांबले. सगळे पुढे गेल्यावर त्यांनी मला विचारले, "माणशी किती घेतलं?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. त्यातले त्यांना किती मिळाले हे मी विचारले नाही, विचारायला हवे होते. मग ते माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले, "ती गारंबी तेवढी काढा."

देवराईत सगळे वर बघत असताना मी शेंगेचा एक तुकडा उचलला होता. तपकिरी, गुळगुळीत, रुपयाहून मोठ्या बिया, टेबलावर ठेवायला. कुणी पाहिले नाही अशी माझी खात्री होती. या बिया तरंगतात. गारंबीची एक बहीण पनामाच्या रानातही असते आणि तिच्या बिया समुद्रावरून महिनोन्महिने वाहत परक्या किनाऱ्यांना लागतात, हे मी त्याच सकाळी जाणकारांकडून मोठ्या कौतुकाने ऐकले होते.

मी तुकडा पुढे केला. मामांनी तो हातात घेतला, दोन बिया सोडवल्या, एक किडकी निघाली ती बाजूला टाकली. दुसरी ओढ्याच्या कडेला, ओल्या मातीत, टाचेने दाबली.