विनापरवाना

पेडण्याच्या आमच्या जुन्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पुठ्ठ्याची एक नळी जपून ठेवलेली आहे. तिच्यावर तांब्याच्या तारेचे शंभरेक वेढे आहेत. खाली फणसाच्या फळीवर एक गँग कंडेन्सर आणि जर्मेनियमचा एक डायोड बसवलेला आहे. १९७३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मी स्वतःच्या हाताने केलेला हा रेडिओ. त्याच्या शेजारीच टपाल कचेरीने दिलेले रेडिओ-परवान्याचे लहानसे पुस्तक आहे. नळी पाहून नातवंडांना गंमत वाटते, पण पुस्तक पाहून ती हटकून विचारतात, ‘आजोबा, रेडिओ ऐकायला परवाना कशाला?’ हाच प्रश्न त्या वयात मीही विचारला होता. पुढे सारी हयात सरकारी कचेऱ्यांत, परवाने देण्यात आणि नाकारण्यात गेली, तरी त्याचे समाधानकारक उत्तर मला सापडले आहे असे छातीठोकपणे सांगवत नाही.

तार आणली होती मामांनी. ते डिचोलीकडे एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि तिथे जळलेल्या मोटारींची गुंडाळी उसवून टाकत असत. डायोड, कंडेन्सर आणि कानात घालायचा इअरफोन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका शेजाऱ्यांनी आणून दिला. परसातल्या माडापासून आंब्यापर्यंत एरियल ताणली आणि अर्थिंगसाठी विहिरीजवळच्या ओलसर मातीत तांब्याचा पत्रा पुरला. चार संध्याकाळी काहीच ऐकू आले नाही. पाचव्या दिवशी ध्यानात आले की तारेच्या टोकावरचे एनॅमल खरवडायचेच राहून गेले होते! ब्लेडने टोक खरवडले, पुन्हा जोडले, आणि अतिशय क्षीण, पण स्वच्छ असा पेटीचा सूर कानात उतरला. पणजीचे आकाशवाणी केंद्र लागले होते.

या यंत्राला ना बॅटरी लागते, ना वीज. केंद्राने हवेत सोडलेल्या शक्तीचा जो अतिसूक्ष्म अंश एरियलवर येऊन पडतो, तोच इअरफोनचा पडदा हलवतो. वेढे आणि कंडेन्सर मिळून हवी ती लहर निवडतात, डायोड तिला एकाच दिशेने वाहू देतो, बस्स, इतकेच. जगदीशचंद्र बोस यांना गॅलिना या खनिजाच्या अशाच शोधकासाठी अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले होते. ज्ञानावर मालकी सांगणे त्यांना मनापासून रुचत नसे, हे वाचल्यावर माझ्या मनात त्या फळीविषयीचा आदर वाढला.

बाबांनी इअरफोन कानाला लावला. त्यांचा चेहरा उजळला. दोन मिनिटांनी तो काढून माझ्या हाती देत त्यांनी विचारले, ‘परवाना काढायला हवा, ठाऊक आहे ना?’

मला ती थट्टा वाटली. पण १९३३च्या बिनतारी कायद्याप्रमाणे असे यंत्र विनापरवाना बाळगणे हा गुन्हाच होता, आणि श्रोत्याला दरवर्षी टपाल कचेरीत शुल्क भरावे लागे. मी वाद घातला. हा रेडिओ कुठे आहे? हा तर पुठ्ठा आणि तार! बाबा म्हणाले, ‘ऐकू येतं ना? मग तो रेडिओ.’ तेव्हा मी वर्मी लागेल असे बोललो : ‘पोर्तुगिजांच्या वेळी तुम्ही ऐकत होता, तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?’

त्या पिढीतल्या वाचकांना संदर्भ सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आमच्याच तालुक्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रही उघडपणे सीमा ओलांडून आले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ नोव्हेंबरला, आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते पुढे कॅसलरॉकहून थेट डिसेंबर १९६१पर्यंत कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून चालवले. लिबियाताईंना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली. ते केंद्र ऐकायला बाबा एका स्नेह्यांच्या घरी जात. दारे लावून, रेडिओवर घोंगडी टाकून चार माणसे कान देऊन बसत.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पकडले असते, तर ऐकत होतो म्हणून सांगितलं असतं.’

त्या वेळी मला ते उत्तर अपुरे वाटले, आणि आजही पुरेसे वाटत नाही. गांधीजींनी १९३०मध्ये दांडीला मीठ उचलले ते व्हाइसरॉयला आधी पत्र लिहून. कायदा मोडायचा तर उजेडात मोडावा आणि शिक्षा स्वीकारावी, ही कसोटी पत्रादेवीला लागू पडते. घोंगडीखालच्या रेडिओला पडत नाही. बाबाही लपूनच ऐकत होते. तरीही त्यांचे लपणे आणि माझे लपवणे एका तराजूत घालता येत नाही, असे आतून वाटत राहते. ते का?

एक फरक मला पुष्कळ उशिरा जाणवला. बाबा रात्री ऐकत ते सकाळी चारचौघांच्या कानी घालत. त्यांचा धोका इतरांसाठी होता. माझा इअरफोन एकाच कानाचा होता. परकी सत्ता आवाजच बंद करू पाहत होती, आणि आमचे सरकार आवाज पोचवण्याच्या खर्चातला वाटा मागत होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले तेव्हा चौदा वर्षांचा मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या, हे कबूल करतो. परंतु लहर सर्वांची असली तरी पेटीवाल्याचे मानधन कुणीतरी द्यावेच लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही टपाल कचेरीत गेलो. यंत्र कोणत्या कंपनीचे, असे कारकुनाने विचारले. ‘घरी केलेला,’ बाबा म्हणाले. कारकुनाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तसेच लिहिले. दहा मिनिटांत पुस्तक हाती पडले. पुढे १९८०च्या दशकात हे परवानेच रद्द झाले.

त्या दहा मिनिटांचे मोल मला एका तरुणाने शिकवले. १९९०च्या दशकात मी एका तालुक्याच्या कचेरीत होतो. घराच्या पडवीत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा विनापरवाना दुकान चालवतो, अशी तक्रार आली. मी पाहणीला गेलो. टेबलावर उघडलेला सेट होता, सोल्डरचा तो ओळखीचा वास होता. माझा हात आपसूक त्या सेटकडे गेला आणि मी तो मागे घेतला. ‘साहेब, अर्ज दिला आहे,’ तो एवढेच म्हणाला. हे सगळेच म्हणतात, असे मी मनाशी म्हटले आणि बंदीच्या आदेशावर सही केली. नियमाप्रमाणे दुसरे काही करता येत नव्हते, ही समजूत तेव्हा पक्की होती.

तीन आठवड्यांनी एक जुना गठ्ठा सोडताना त्याचा अर्ज सापडला. सात महिन्यांपूर्वीची तारीख, सर्व कागद जोडलेले, शुल्काची पावतीसुद्धा. तो आमच्याच कचेरीत पडून होता. कायदा पाळायला दहा मिनिटे लागत असतील, तर तो न पाळणारा दोषी खराच. पण तोच पाळायला सात महिने लागत असतील आणि पोट रोजचे असेल, तर दोष कुणाकडे जातो? बाबांनी मला परवाना काढायला लावला तो ज्या श्रद्धेने, तिची एक बाजू सांभाळणे माझ्या टेबलाचे काम होते. मी त्याच दिवशी परवाना मंजूर केला आणि शिपायाबरोबर पाठवला. स्वतः जाऊन चूक आमची होती हे सांगावे, असे मनात आले होते. पण साहेबाने असे सांगायचे नसते, हेही त्या नोकरीने शिकवले होते.

शिपाई पोच घेऊन आला. पोचेवर मुलाच्या आईची सही होती. तो कामासाठी बाहेरगावी गेला आहे, असे तिने सांगितले म्हणे. त्या रस्त्याने मी पुढे अनेकदा गेलो. पडवीचे दार उघडे आहे का, हे पाहायला जीप मात्र कधी थांबवली नाही.