शिष्यवृत्तीचा अर्ज

महाविद्यालयांत मुलाचें नांव दाखल झालें, कीं मध्यम स्थितींतील कुटुंबांत एक प्रश्न निघतो: शिष्यवृत्तीसाठीं अर्ज करावा कीं न करावा? ‘मिळत असेल तर कां सोडावी?’ हें एक उत्तर. ‘आपल्याला कोणाचे उपकार नकोत’ हें दुसरें. दोन्ही उत्तरें आम्हांस सारखींच उतावळेपणाचीं वाटतात. कारण देणारा कोण आणि तो कोणत्या नात्यानें देतो, हें दोहोंतही कोणी पाहिलेलें नसतें.

हें नातें नेहमीं एकच नसतें. पूर्वीं वार लावून जेवणारा विद्यार्थी सात दिवस सात घरीं पानावर बसे. त्याला उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नसे. पण वाढणाऱ्या हाताची मर्जी मात्र सांभाळावी लागे. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति याच्या अगदीं उलट. ती मॅट्रिकच्या परीक्षेंतील संस्कृतच्या गुणांवर मिळे. १९१२ सालीं ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, ती त्यांच्या विद्येबद्दल, घरच्या स्थितीबद्दल नव्हे. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं परदेशीं शिकावयास जाणाऱ्यांसाठीं जो निधि स्थापिला, त्यांतून कर्जाऊ शिष्यवृत्ति मिळते. म्हणजे घेणारा ऋणको होतो, आश्रित होत नाहीं. बडोद्याच्या सयाजीरावांनीं १९१३ सालीं आंबेडकरांना तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड दिले, ते परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ सालीं ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हां अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरांत राहावयास जागा मिळेना. करार पाळावयास घेणारा सिद्ध होता; शहर सिद्ध नव्हतें.

आजची सरकारी शिष्यवृत्ति यांपैकीं कशांतच नीट बसत नाहीं. ती सर्वांच्या करांतून निघते. भाजीवालीनें घेतलेल्या साबणावरचा करही तींत असतो. म्हणून नियमांत बसणारा जो अर्ज करतो तो याचक नव्हे, हक्कदार होय, आणि त्यानें मान खालीं घालण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु हक्क म्हटला, कीं त्याची सीमाही आली. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें जी शिक्षणशुल्काची योजना आहे, तींत कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत असावें लागतें. आमचा खरा प्रश्न या सीमेवर उभा राहतो.

नोकरदाराचें उत्पन्न पगारपत्रकावर छापलेलें असतें. दुकान, दवाखाना, शिकवणी, घरभाडें यांचें उत्पन्न बरेंचसें सांगणाऱ्याच्या जिभेवर असतें. मग सुखवस्तु घरांतही भाडें विसरलें जातें, शेतीचा वांटा विसरला जातो, आणि तहसीलदाराच्या सहीचा दाखला घरीं येतो. ‘सगळेच करतात’, ‘आम्ही कर भरतों, त्यांतलेंच थोडें परत घेतों’, हीं समर्थनें ठरलेलीं आहेत. त्यांहून एक आक्षेप मात्र विचारांत घेण्याजोगा आहे. ७ लाख ९० हजारांचें घर आंत आणि ८ लाख १० हजारांचें बाहेर, यांत न्याय तो कोणता? फारसा नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण रेघ वांकडी असेल तर ती सर्वांसाठीं सरळ करावयास सांगावी. प्रत्येकानें आपल्या दारापुरती सरकवावी, यानें ती सरळ होत नाहीं.

शिवाय येथें कोणाचें नुकसान होतें? खाजगी विश्वस्तनिधीच्या दहा शिष्यवृत्त्या असल्या, तर अकरावा कोण, हें उघड असतें. सरकारी योजनेंत तसें कोणी दिसत नाहीं, म्हणून मन निश्चिंत राहतें. पण खोटे दाखले वाढले, कीं संशय वाढतो; संशय वाढला, कीं कागद वाढतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, स्वयंघोषणापत्र, पुन्हा पडताळणी! हे कागद सुशिक्षित घर एका दुपारीं जमवितें. शेतमजुराच्या मुलीसाठीं तेच कागद म्हणजे तालुक्याच्या गांवीं दोन खेपा आणि बापाची दोन दिवसांची मजुरी. वरच्या माणसाच्या लबाडीचा दंड असा खालीं वसूल होतो.

देणारेही निर्दोष नाहींत. अर्जासोबत ‘आपल्या हलाखीचें वर्णन करा’ म्हणून मुलांकडून निबंध मागविणाऱ्या दात्यांबद्दल आम्हांस आदर वाटत नाहीं. त्यांतून ज्याची हलाखी मोठी तो पुढें येत नाहीं. जो ती रंगवून सांगतो तो येतो.

पण या सर्वांत आम्हांस अधिक खटकतें तें असें, कीं खोट्या अर्जावर सही करावयाची ती मुलानें. वडील दाखला आणतात, आई कागद लावते, आणि अठरा वर्षांच्या मुलापुढें ‘वरील माहिती खरी आहे’ हें वाक्य ठेवलें जातें. सज्ञान झाल्यावरची त्याची ही कदाचित् पहिलीच महत्त्वाची सही असते.

अर्ज न करणें एवढेंच मात्र सुशिक्षित घराचें कर्तव्य आहे, असें आम्ही मानीत नाहीं. कोणती शिष्यवृत्ति कोठें आहे, ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरची शेवटची तारीख कोणती, हें ज्ञानही एक मिळकतच आहे, आणि तिची वांटणी फार विषम झालेली आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंची मुलगी यंदा महाविद्यालयांत गेली असेल, तर तिच्या गुणपत्रकावरचें नांव आणि आधारपत्रावरचें नांव एकच आहे ना, बँकेचें खातें आधारशीं जोडलेलें आहे ना, एवढें एका संध्याकाळीं तिच्याबरोबर बसून पाहावें. पुष्कळ रास्त अर्ज एवढ्याशा कारणानेंच अडकून पडतात.